बाहेरच्यांचें मत आणि मंडळीचें कार्य

ख्रिस्ती मंडळीनें आपलें सेवाकार्य बाहेरच्या लोकांचें मत पाहून बदलावें काय, हा प्रश्न आमच्या वाचकांना परका वाटूं नये. एकाच बांकावर बसून शिकणाऱ्या दोन मुलांपैकीं एकाच्या घरीं रविवारची उपासना असते, तर दुसऱ्याचे वडील आषाढांत पंढरीची वाट धरतात. एक मंडळीच्या आंतला, दुसरा बाहेरचा. आणि दोघेही एकमेकांविषयीं कांहींना कांहीं मत बाळगून असतात. त्या मताची किंमत किती धरावी, याचा शांतपणें विचार व्हावा असें आम्हांस वाटतें.

या प्रश्नाचीं दोन उत्तरें नेहमीं ऐकूं येतात. एक असें कीं, लोकांना जें रुचेल तेंच मंडळीनें करावें, म्हणजे कोणाचा रोष राहणार नाहीं. दुसरें असें कीं, सत्य आपल्यापाशीं असतां जगाच्या बोलण्याकडे लक्ष देण्याचें कारणच काय? दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, आणि दोन्ही अपुरीं आहेत. पहिल्यांत मंडळीजवळ स्वतःचें असें कांहीं उरत नाहीं. दुसऱ्यांत तिचा शेजारीच उरत नाहीं.

नव्या करारांतील एक गोष्ट येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. लुस्त्र येथील तीमथ्य याची आई यहूदी व बाप ग्रीक होता. त्या भागांतील यहूदी लोकांच्या भावनेकडे पाहून पौलानें त्याची सुंता करविली. परंतु तीत नांवाच्या ग्रीक सोबत्याची सुंता केलीच पाहिजे असा आग्रह पडला, तेव्हां तोच पौल घटकाभरही नमला नाहीं. विधि एकच, माणूसही एकच. मग निर्णय दोन कां? तीमथ्याच्या वेळीं रूढि पाळल्यानें ऐकणाऱ्यांच्या वाटेंतील धोंडा दूर होत होता. तीताच्या वेळीं तीच रूढि पाळली असती तर आंत येऊं पाहणाऱ्या प्रत्येक परराष्ट्रीयाच्या वाटेंत धोंडा पडला असता. मताला मान दिल्यानें कोणासाठीं वाट मोकळी होते आणि कोणासाठीं बंद होते, हें पौलानें पाहिलें. हीच कसोटी आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाला लावून पाहूं.

प्रथम भाषा व रीत यांचा विचार करूं. आपल्या बीड जिल्ह्याला याचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात. त्यांचा विवेकसिंधु शके १११० मधील मानला जातो. वेदान्त संस्कृतांतच शोभतो असें विद्वानांचें मत असतां त्यांनीं तो मराठींत सांगितला. त्याच अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं तर कापडाची लांब पासोडी घेऊन तिच्यावर काव्य लिहिलें. जें सांगावयाचें तें ऐकणाराच्या ओळखीच्या रूपांत सांगावें, ही या भूमीची जुनी शिकवण आहे.

ख्रिस्ती लोकांत ही शिकवण सर्वांत आधीं ज्यांनीं ओळखली त्यांत थॉमस स्टीफन्स यांचें नांव मोठें आहे. हे इंग्रज जेजुइट पाद्री इ. स. १५७९ त गोव्यास आले. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं पूर्वींचीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं गावयास, ऐकावयास कांहीं मिळालें नव्हतें. त्यांची ही उणीव जाणून स्टीफन्स यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण मराठींत रचलें. तें १६१६ त राशोल येथें छापलें गेलें. देवनागरी खिळे नव्हते म्हणून अक्षर रोमन, परंतु ओवी मात्र अस्सल मराठी. याच्या अगदीं उलट वर्तन पुढें राज्यकर्त्यांनीं केलें. १६८४ त पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढून लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरविलें. लोकांची बोली फर्मानानें मेली नाहीं. परंतु धर्म आणि परकी सत्ता एकच आहेत, ही समजूत अशा कृत्यांनीं बळावली, आणि तिचें ओझें पुढच्या पिढ्यांतील निरपराध ख्रिस्ती लोकांना वाहावें लागलें.

देशावरही हाच धडा पुन्हां गिरवावा लागला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ त मुंबईस उतरले, आणि १८३१ त अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें त्यांचें ठाणें झालें. आरंभींचीं बरींच गीतें विलायती चालींवर बसविलेलीं होतीं. ज्या कानांना ओवी, अभंग आणि टाळमृदंग यांची संवय, त्यांना तीं उपरीं वाटलीं तर नवल नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनीं ख्रिस्ती कीर्तनें सुरू केलीं. गांवकरी ज्या रीतीनें हरिकथा ऐकत, त्याच रीतीनें येशूचें चरित्र ऐकूं लागले.

पुढें कवि नारायण वामन टिळक यांनीं ही गोष्ट पूर्णत्वास नेली. ते १८९५ त मुंबईस बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरास राहिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशीं आलों, अशा अर्थाचें ते सांगत. त्यांचीं भजनें व अभंग आजही मराठी उपासनेंत गायिले जातात. हिंदु समाजाचा आक्षेप असा होता कीं, ख्रिस्ती झालेला मनुष्य देशाला पारखा होतो. टिळकांनीं या आक्षेपाचा राग धरला नाहीं; त्यांत खरें किती आहे तें पाहिलें. १९१७ त मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ आरंभिला, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी योजना केली. १९१९ त त्यांचा अंत झाल्यानें तें कार्य अपुरें राहिलें. परंतु बाहेरच्याचें बोलणें ऐकून आपलें अंगण झाडतां येतें, हें त्यांनीं दाखविलें. रोमन कॅथॉलिक मंडळीनेंही पुढें १९६३ त, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानें, लॅटिनच्या जोडीस लोकभाषांना उपासनेंत मोकळीक दिली.

येथवर बाहेरच्यांचें मत ऐकल्यानें हितच झालें. आतां दुसरी बाजू पाहूं. ‘बाहेरचे लोक’ असें आपण एका शब्दांत म्हणतों. पण बाहेरचे म्हणजे कोण?

नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें १८४३ त मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. मुलगा मिशनरी लोकांत राहून जेवलेला. त्यास पुन्हां जातींत घ्यावें कीं नाहीं यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावें म्हणत होते, तर सनातनी पक्ष कडवा विरोध करीत होता. म्हणजे एकाच मुलाविषयीं बाहेरच्यांचें मत एक नव्हतें. तसेंच पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरानें पुणें खवळलें असतां, १८८५ त ‘सत्सार’ काढून जोतीराव फुल्यांनीं त्यांची बाजू घेतली. बाहेरच्यांचें मत म्हणून जें आपल्या कानीं पडतें, तें पुष्कळदां ज्यांचा आवाज मोठा त्यांचें मत असतें.

नारायण शेषाद्रींचें पुढील चरित्र आपल्या जिल्ह्याच्या शेजारचें आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होऊन ते गोदावरीपलीकडे जालन्यास आले. हा सर्व प्रदेश, आपल्या बीडसह, तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. दिवाण सर सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर त्यांनीं जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें, आणि तेथें मुख्यतः मांग व महार कुटुंबांत काम केलें. ज्या काळीं मांगाची सावलीही टाळीत, त्या काळीं ब्राह्मण कुळांत जन्मलेला मनुष्य त्यांच्यांत घर करून राहिला. गांवच्या प्रतिष्ठितांचें मत मोजलें असतें, तर बेथेलची पहिली वीटही रचली गेली नसती. परंतु मांगही बाहेरचाच होता, आणि त्याचेंही मत होतें. तें विचारण्याची कोणास संवय नव्हती, इतकेंच. दक्षिणेकडे १८३३ त हाच पेंच पडला होता. मद्रास व तंजावर येथील मंडळ्यांत जातवार बसण्याची रीत होती; बिशप डॅनियल विल्सन यांनीं ती मोडण्याचा हुकूम केला, तेव्हां कित्येक उच्चजातीय ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. त्यांस राखण्यासाठीं रीत चालूं ठेवली असती, तर जे अगोदरच मागें बसत होते ते कायमचे मागें राहिले असते.

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाची गोष्ट यांत सर्वांत बोधप्रद आहे. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं तें मुंबईस उघडलें, आणि पुढच्या वर्षीं पुण्यास नेलें. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार होते. धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ति करावयाची नाहीं, असा नियम होता, आणि बाईंनीं तो पाळला. मुलींना आपापले जातिनियम व पूजाअर्चा यांची मोकळीक असे. बाई स्वतः शाकाहारी राहिल्या, साधें पांढरें वस्त्र नेसत. समाजाच्या भावना सांभाळण्यांत त्यांनीं कसूर केली नाहीं. परंतु त्या आपल्या मुलीसह प्रार्थना करीत तेव्हां खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून गहजब झाला. केसरीनें कडक टीका केली. १८९३ त सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. दार लावून घेतलें असतें तर वादळ कदाचित् शमलें असतें. बाईंनीं तें लावलें नाहीं.

येथें दोन्ही बाजूंस न्याय दिला पाहिजे. पालकांची भीति अगदींच निराधार नव्हती. पुढें कांहीं मुलींनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारलाही. ज्यानें आपली लेक विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं दिली, त्यास ती परत नेण्याचाही अधिकार आहे. उलट, जी बाई कोणास बोलावीत नाहीं आणि कोणास हांकलीत नाहीं, तिनें आपली प्रार्थना चोरून करावी असें म्हणण्याचा अधिकार मात्र कोणासही नाहीं. आणि कार्याचें म्हणाल, तर तें विरोधानें थांबलें नाहीं. याच सदनांतील विधवा गोदूबाई यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ त विवाह केला, आणि १८९६ त विधवांसाठीं आश्रम काढला. दार उघडें राहिलें म्हणून विद्याही बाहेर गेली.

आतां एका बाबतींत मात्र बाहेरच्यांचें मत मंडळीनें नेहमींच ऐकलें पाहिजे. ती बाब म्हणजे तिचें वर्तन. जो पुढारी व्हावयाचा तो बाहेरच्यांतही चांगल्या नांवाचा असावा, अशी अट पवित्र शास्त्रानेंच घातली आहे. मंडळींतील मनुष्य उद्धट आहे, हिशेबांत चोख नाहीं, दुसऱ्याच्या दैवतांची टवाळी करतो, असें शेजारी म्हणत असेल तर तो आपला वैरी नसून आरसा होय. औषध आणि अक्षरें देऊन त्यांच्या मोबदल्यांत श्रद्धा मागूं नये, असें महात्मा गांधींनीं मिशनरींस वारंवार बजावलें. तें कटु वाटलें, तरी हितकर होतें. कारण मोबदल्यानें घेतलेली श्रद्धा देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही कमीपणा आणते. १९५० च्या आपल्या राज्यघटनेनेंही सरकारमान्य अथवा अनुदानित शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवूं नये असें सांगितलें आहे. रमाबाईंचा नियम आणि घटनेचा नियम यांत विरोध नाहीं.

आणि ‘बाहेरचा कोण?’ हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत अजून संपलेला नाहीं. दसरा-दिवाळी आटोपली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि त्या कोयत्याबरोबर शाळेंतलें मूलही फडावर जातें. मंडळीनें, शाळेनें काय करावें यावर चावडींत व बाजारांत बोलणारे पुष्कळ भेटतील; फडावरची आई त्या बोलण्यांत नसते. तिला रात्रीं फडावर धडा हवा आहे, कीं पांच महिने मुलाला गांवीं ठेवून घेणारें वसतिगृह हवें आहे, हें तिलाच विचारलें पाहिजे. तिचें मत ऐकून वेळापत्रक बदललें, तर त्यांत कोणाचाही मानभंग नाहीं.

तात्पर्य, आमचें मत असें आहे. भाषा, चाल, पोशाख, वेळ, बसण्याची रीत यांत बाहेरच्यांचें मत आनंदानें घ्यावें. वर्तनाविषयीं तें नम्रपणें ऐकावें. परंतु कोणास जवळ घ्यावें, आणि अंतःकरणांत जें खरें आहे तें उघड बोलावें कीं लपवावें, हें मात्र त्या मताच्या हातीं देऊं नये. विद्यार्थिमित्रांनो, हा नियम केवळ मंडळीपुरता आहे असें समजूं नका. उद्यां तुमच्यांपैकीं कोणी सरपंच होईल, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. आणि लोक काय म्हणतील हा प्रश्न तुमच्याही दारीं येईल. तेव्हां त्या लोकांत कोण कोण आहेत तें मोजून पाहा, आणि जो गप्प उभा आहे त्यास आधीं विचारा.