काळं तांबं: रंगाची साक्ष किती खरी?

तांब्याचा काळा ऑक्साइड खनिजरूपात सापडला की त्याला टेनोराइट म्हणतात. हे नाव पडलं १८४१ मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर मिळालेल्या नमुन्यांना. आणि ते दिलं गेलं नेपल्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेले टेनोरे यांच्या सन्मानार्थ. जन्मभर झाडापानांत रमलेल्या माणसाच्या वाट्याला खनिज यावं, हा मासला गमतीचाच. याच खनिजाचं दुसरं नाव मेलॅकोनाइट. ते ग्रीक भाषेतून काळ्या रंगाची खूण सांगणारं, पण मागे पडलं. खनिजाचं नाव गुण सांगणारं हवं, व्यक्तीचं कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. पण रंग हा काही भरवशाचा गुण नाही. तांब्यावरचा काळा थर ऑक्साइडचा असेल तसा सल्फाइडचाही असतो, आणि प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फाइड आगीशिवायच तयार होतं.

आगीने आलेल्या आणि आगीशिवाय आलेल्या काळ्या थरांतला हा भेद प्रवरा नदीकाठच्या गावांना जवळचा आहे. प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशी चार भरीव शिल्पं मिळाली. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. ती उत्खननात नव्हे, शेतात योगायोगाने हाती लागली. त्यामुळे मातीच्या थरांचा आधार तुटला, आणि धातूतल्या अर्सेनिकच्या प्रमाणावरून काही संशोधकांनी त्यांच्या काळाबद्दल शंका घेतली. अशा वेळी वस्तूच्या अंगावरचं पुटच बोलू शकतं. तांबटाच्या भट्टीत पत्रा तापला की वर काळा आणि त्याखाली लाल ऑक्साइड धरतो. ओलसर मातीत मात्र लाल ऑक्साइडवर हिरवं कार्बोनेट चढतं. म्हणजे काळ्या ऑक्साइडचा थर दिसला तर वस्तू आगीत सापडली असावी, असा तर्क करता येतो. पण तर्कच, कारण तांब्याच्या खाणींच्या वरच्या थरांत टेनोराइट भट्टीशिवायही बनतो. निकाल द्यायचा तर क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासावी लागते आणि पुटांचा क्रम पाहावा लागतो.

म्हणून नांगरटीत तांब्याची जुनी वस्तू लागली तर ती चिंचेने घासू नका. चिंचेतलं आम्ल पहिल्यांदा हाच पुरावा विरघळवतं. वस्तू आहे तशी ठेवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. असं कळवायला १८७८ चा निखात निधी कायदाही सांगतो.