पंचांपुढे कोणता तंटा नेता येतो?

गावात बांधावरून भांडण झाले, की दोन्ही बाजूंना मान्य असलेली चार जाणती माणसे बसवायची आणि ती सांगतील ते मानायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. परदेशाशी चालणाऱ्या व्यापारातही अशीच रीत आहे. तिला आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद म्हणतात. पण लवादाच्या पंचांपुढे वाटेल तो तंटा नेता येत नाही.

समजा, मुरबाडच्या एखाद्या शेतकरी संस्थेने लंडनच्या व्यापाऱ्याला भेंडी पाठवली. माल पोचला, पण दर्जा उतरला, असे सांगून त्याने निम्मे पैसे अडवले. हा तंटा लवादाकडे जाऊ शकतो. मात्र तीन गोष्टी हव्यात. एक पक्ष परदेशी हवा, व्यवहार व्यापाराचा हवा आणि लवादाकडे जाण्याचे दोघांनी लेखी ठरवलेले हवे. आपला १९९६ चा लवाद कायदा हेच सांगतो.

मग काय जात नाही? मुंबईत नेपियन सी रोडवरचे दोन फ्लॅट कर्जापोटी एसबीआय होम फायनान्सकडे गहाण होते. ते बूझ ॲलन या अमेरिकन कंपनीने वापरायला घेतले होते. कर्ज थकले, दावा लागला. करारातल्या लवादाच्या कलमावर बोट ठेवून कंपनी म्हणाली, हा वाद पंचांकडे पाठवा. १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. का? गहाण मालमत्ता विकायची, तर करारावर सही नसलेल्यांच्या हक्कालाही धक्का लागू शकतो. दोघांतले देणेघेणे पंच मिटवतील. साऱ्या जगाला लागू होणारा निवाडा कोर्टाचाच. म्हणूनच फौजदारी गुन्हा, घटस्फोट, मुलांचा ताबा, दिवाळखोरी, मृत्युपत्राचे प्रोबेट या गोष्टी लवादाकडे जात नाहीत.

आणि हा निवाडा म्हणजे नुसता सल्ला नव्हे, बरे का! १९५८ च्या न्यूयॉर्क करारात भारत आहे, तसे ब्रिटनही आहे. त्यामुळे एका देशातला निवाडा दुसऱ्या देशात वसूल करता येतो, आणि त्याला आव्हान देण्याची कारणे मोजकीच असतात. लवाद लंडनमध्ये बसायचा ठरला असेल, तर वकिलाचा आणि प्रवासाचा खर्च भेंडीच्या पैशांहून जास्त व्हायचा! मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. ते ठिकाण मागता येते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात कुणी असा करार घेऊन आला, तर भावाच्या आकड्याबरोबर लवादाचे कलमही त्याला वाचून दाखवा. पंच किती, बसणार कोठे आणि भाषा कोणती, हे सहीच्या आधी विचारायचे असते.