लेकराचं पोट भरलं, पण ताटात काय होतं?

भनपुरीहून, म्हणजे रायपूरच्या कारखान्यांच्या भागातून, तुमच्याशी बोलतोय.

फौजेत जवानाचं रेशन ठरलेलं असतं. पीठ किती, डाळ किती, भाजी किती, सगळं ग्रॅममध्ये. घरातल्या तीन वर्षांच्या लेकराचं रेशन मात्र कुणी मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं. नात गुटगुटीत, म्हणून निश्चिंत होतो. ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९. या वयात ते ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात.

मग आठवडाभर तिचं खाणं वहीत लिहिलं. सकाळी दूध-बिस्किट, दहा वाजता पाकिटातले चिप्स, दुपारी पातळ वरण-भात, संध्याकाळी चहात बुडवलेली खारी, रात्री पुन्हा दूध. पोट भरत होतं, पण लोह जवळपास नव्हतंच.

हे एका घरापुरतं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी छत्तीसगडमध्ये ६७ टक्के, तर महाराष्ट्रात जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला.

असं का होतं? लहान मुलाचं पोट लहान. बिस्किट-चिप्स आधी गेले की डाळ-भाजीला जागा उरत नाही. दुधात कॅल्शियम भरपूर, पण लोह नगण्य. दिवसाला दोन कपांहून जास्त दूध झालं की जेवण मागे पडतं. आणि चहातलं टॅनिन तर अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही.

डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, बाकीचं काम स्वयंपाकघरात झालं. चहा बंद, पाकिटं बंद. वरण घट्ट, त्यावर लिंबू, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळ-भाजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. इकडच्या तांदळाच्या चिल्यात मुगाचं पीठ आणि मुनग्याचा, म्हणजे आपल्या शेवग्याचा, पाला. डाळ-तांदूळ एकत्र आले की एकाच्या प्रथिनातली उणीव दुसरं भरून काढतं. एक दिवसाआड अंडं. पहिले पंधरा दिवस घरात रोज रडारड झाली. आजीही माझ्यावर रुसली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ आलं.

तुम्हीही आजपासून सात दिवस वहीत लिहा. लेकरू किती खातं यापेक्षा काय खातं, ते लिहा. मूल फिकट, मरगळलेलं वाटत असेल तर रक्त तपासून घ्या. लोहाचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!