संकेतांक म्हणजे निकाल नव्हे

डिझेल मोटारीच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागावा, गॅरेजमधील स्कॅनरने धुराचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा संकेतांक दाखवावा, आणि तेवढ्याच दाखल्यावर, काडीचीही शहानिशा न करता, नवा सेन्सर बसवला जावा, ही रीत मला अत्यंत खेदकारक वाटते. कारण संकेतांक ही केवळ फिर्याद असते आणि लोक तिलाच निकाल समजतात. पी०५४५ याचा अर्थ त्या सर्किटातील विद्युद्दाब अपेक्षेहून कमी आहे. पी०५४६ म्हणजे अधिक आहे. झळीने आवरण वितळून तार बॉडीला टेकली तर पहिला उमटतो. उंदराने तार कुरतडून तोडली किंवा कनेक्टर सैल झाला तर दुसरा. आणि या दोन्ही प्रसंगी सेन्सर सर्वस्वी निर्दोष असू शकतो.

सेन्सर सहाशे अंश दाखवतो म्हणून तो खोटा, हाही असाच एक ग्रह. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ मानके लागू झाली, आणि त्यांच्या पूर्ततेसाठी डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ गाळणी सर्रास आली. साठलेली काजळी जाळताना तेथील तापमान सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाणे हे त्या यंत्रणेचे विहित कर्तव्यच आहे.

खरी परीक्षा विनाखर्चाची आहे, आणि ती पहाटे करावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवून स्कॅनरवर धुराचे सर्व सेन्सर, आत येणारी हवा आणि कूलंट यांची तापमाने एकाच वेळी वाचावीत. सारे जण थोड्याफार अंशांच्या फरकाने एकच आकडा सांगतात. त्यांत एखादाच दोनशे अंश सांगू लागला, तर संशय त्याच्या सर्किटावर येतो. मग तार हलक्या हाताने हलवून आकडा उड्या मारतो का, हे पाहावे, आणि त्यानंतरच मल्टिमीटर हाती घ्यावा.

तेथेही सर्वांना एकच माप लावणे चूक. २०० ओहमच्या प्लॅटिनम सेन्सरचा रोध वीस अंशांना सुमारे २१५ ओहम भरतो. थर्मिस्टर जातीचा थंड असताना इतका मोठा रोध दाखवतो की साध्या मीटरला तो तुटलेलाच भासावा. आणि थर्मोकपल तर केवळ मिलिव्होल्टची भाषा बोलतो. जात न विचारता मोजणाऱ्याने कित्येक धडधाकट सेन्सर भंगारात टाकले असतील.

गाडी चालते आहे, मग दिवा राहू द्या, असे म्हणणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावेसे वाटते की तापमानाची विश्वसनीय वार्ता मिळेनाशी झाली की इंजिनाचा संगणक बहुधा काजळी जाळण्याची क्रियाच स्थगित करतो, गाळणी तुंबत जाते, आणि तिची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.