१२ नोव्हेंबरला दोष कशाला?

‘अशुभ तारीख’ मानणाऱ्यांच्या हाती सगळ्यात भक्कम पुरावा कुठला द्यायचा, तर १२ नोव्हेंबरचा. १९९६ साली त्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतल्या ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. त्यानंतर चार तास उलटायच्या आत पेरूच्या किनाऱ्यावर, नाझ्काजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. १९९९ च्या १२ नोव्हेंबरला तुर्कस्तानातलं ड्युझ्जे ७.२ च्या धक्क्याने कोसळलं. २००१ मध्ये न्यूयॉर्कहून उडालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० क्वीन्समधल्या घरांवर पडलं आणि २६५ जण गेले. २०१७ मध्ये इराण-इराक सीमेवर ७.३ चा भूकंप होऊन सहाशेहून अधिक बळी गेले. पाचही नोंदी खऱ्या आहेत, आणि पंचाईत तिथेच आहे. खोटी बातमी निदान खोडता येते. इथे खोडण्यासारखं काहीच नाही. गफलत आहे ती या पाच वाक्यांच्या मधोमध वाचणाऱ्याने मनातल्या मनात घातलेल्या ‘म्हणून’मध्ये.

तो ‘म्हणून’ तपासायचा तर प्रत्येक घटनेचं कारण वेगळं काढून पाहावं लागतं. चरखी दादरीला दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं आणि दिल्लीहून चढणाऱ्या सौदी विमानाला १४ हजारांवर. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. त्या विमानात रेडिओवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून आकडा वाचावा लागे. दिल्लीचं तेव्हाचं रडार विमानाची उंची दाखवत नव्हतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती. न्यूयॉर्कच्या विमानाची गोष्टच निराळी. पुढे गेलेल्या जंबोने ढवळलेल्या हवेत ते सापडलं, सहवैमानिकाने रडर गरजेपेक्षा जोरात उलटसुलट दाबला आणि शेपटीचा उभा पंखच निखळला. तिन्ही भूकंपांचीही मुळं तीन ठिकाणी. पेरूत समुद्राखालचं नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतं, तुर्कस्तानात जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासत आडवे सरकतात, आणि झाग्रोस डोंगररांगेत अरबी भूपट्ट युरेशियावर रेटलं जातं. रडरचं पेडल आणि झाग्रोसचा खडक यांना जोडणारा दुवा तारखेशिवाय दुसरा कुठलाही सापडत नाही.

मग पाच घटना एका तारखेवर आल्या कशा? हिशेब करून पाहू. सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप जगात वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात. १९०० पासून मोजले तर आकडा दोन हजारांच्या जवळ जातो, म्हणजे वर्षातल्या प्रत्येक तारखेच्या वाट्याला पाचेक आलेच. प्रवासी विमानांचे प्राणघातक अपघातही आजवर हजाराहून कितीतरी अधिक झाले आहेत. इतक्या घटना ३६६ खणांत टाकल्यावर भूकंप आणि विमान यांची जोडी जिथे जमत नाही असा खण शोधणंच कठीण. १ जानेवारी पाहा: १९७८ साली एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून उडून वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं, २१३ जण गेले, २०२४ साली त्याच तारखेला जपानच्या नोटो द्वीपकल्पात ७.५ चा भूकंप झाला. शिवाय घटना सगळ्या खणांत सारख्या वाटल्या जात नाहीत. काही खण जवळजवळ रिकामे राहणार, काही ओसंडणार. न ओसंडते तर उलट संशय घ्यावा लागला असता. यादी करणारा ओसंडलेला खण तेवढा उचलून दाखवतो.

यावर मेक्सिकोचं उदाहरण हमखास पुढे येतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एकाच देशात १९ सप्टेंबरला तीन मोठे भूकंप झाले: १९८५, २०१७ आणि २०२२. ठरावीक तीन भूकंप एकाच तारखेला येण्याची शक्यता लाखात एकाहून कमी आहे, हे खरं. पण हे तीन आधी कुणी ठरवले नव्हते. गेल्या शतकभरातले मेक्सिकोतले सातच्या वरचे भूकंप साठ धरले, तर त्यातले कुठलेही तीन कुठल्याही एका तारखेवर जमण्याची शक्यता चार-पाचात एक इतकी भरते. ‘पण २०१७ आणि २०२२ ला भूकंपाची रंगीत तालीम झाल्यावर काही वेळातच खरा भूकंप आला, त्याचं काय?’ तालीम १९ सप्टेंबरला होते तीच १९८५ च्या भूकंपाची आठवण म्हणून. तारीख जुळली की तालीमही जुळणारच. एकच योगायोग दोनदा मोजायचं कारण नाही. आणि २०१७ चा मेक्सिकोतला सर्वांत मोठा, ८.२ चा भूकंप १९ सप्टेंबरसाठी थांबलाच नाही. बारा दिवस आधीच येऊन गेला.

यापेक्षा विचारी आक्षेप असा: पृथ्वी दरवर्षी त्याच तारखेला कक्षेतल्या जवळपास त्याच जागी येते, तेव्हा सूर्य-चंद्राची ओढ काही करत नसेल कशावरून? भरती-ओहोटीच्या ताणाचा काही प्रस्तरभंगांवर किंचित परिणाम दिसतो, हे संशोधक मान्य करतात. मात्र त्यात चंद्राचा वाटा मोठा, आणि चंद्राच्या कला इंग्रजी तारखेला बांधलेल्या नाहीत. शिवाय हा प्रश्न तपासून झाला आहे. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ सुसान हफ यांनी २०१८ मध्ये सुमारे चारशे वर्षांतल्या आठ आणि त्यावरच्या तीव्रतेच्या भूकंपांना वर्षातले ठरावीक दिवस किंवा चंद्राच्या ठरावीक कला लाभतात का, हे पाहिलं. त्यांच्या शोधनिबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: नाही. शोधनिबंधांत असा नेमकेपणा विरळाच.

मुळात ‘तीच तारीख’ म्हणजे कुठली, हेही विचारायला हवं. २७ मार्चची जोडी प्रसिद्ध आहे: १९६४ चा अलास्काचा ९.२ चा भूकंप आणि १९७७ ची टेनेरिफेच्या धावपट्टीवरची दोन जंबोंची टक्कर, ५८३ बळी. पण अलास्कात संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते तेव्हा ग्रिनिचला २८ मार्च उजाडला होता, आणि जागतिक नोंदीत तो भूकंप २८ चाच आहे. आपल्याकडे कोयनेचा धक्का ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा; ग्रिनिचच्या घड्याळात ते १० डिसेंबर आणि २९ सप्टेंबरला पडतात. २००९ मध्ये इंडोनेशियातलं पाडांग ३० सप्टेंबरलाच हादरलं, तेव्हा किल्लारीशी त्याची जोडी लावायला कुणी गेला तर ती भारतीय वेळेत जमते, ग्रिनिचच्या वेळेत मोडते. पंचांग उघडलं तरी तेच: किल्लारी अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, पाडांग दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. दिनदर्शिका बदलली की नाहीसं होणारं नातं जमिनीखाली असू शकत नाही.

दुर्घटनांची एकमेकींशी नाती नसतात असं मात्र नाही. ड्युझ्जेचा भूकंप एकटा आला नव्हता. १७ ऑगस्ट १९९९ ला इझमितजवळ त्याच प्रस्तरभंगाचा पश्चिमेकडचा भाग सरकला आणि ताण पूर्वेकडे ढकलला गेला. भूकंप आणि विमान यांनाही खराखुरा जोडणारा एक धागा आहे. नोटोच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतसाहित्य घेऊन निघालेलं जपानी तटरक्षक दलाचं विमान टोकियोच्या हानेडा विमानतळावर परवानगी नसताना धावपट्टीवर आलं आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस त्याच्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. पेटलेल्या एअरबसमधले ३७९ जण बाहेर पडले. भूकंप १ जानेवारीचा होता, टक्कर २ जानेवारीची. एका तारखेच्या कुठल्याही यादीत ही जोडी सापडणार नाही.