वाट मोकळी करणारा आर्ट शेल

९ ऑक्टोबर १९८९. सोमवारची रात्र. न्यू यॉर्कच्या शेजारी, न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर लॉस एंजेलिस रेडर्स आणि न्यू यॉर्क जेट्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा सामना रंगला होता. सोमवार रात्रीचा सामना म्हणजे अमेरिकेत घरोघरी टीव्हीसमोर बैठक. पण त्या रात्रीची खरी बातमी मैदानात नव्हती, ती कडेच्या रेषेवर उभी होती. सहा फूट पाच इंच उंचीचा, धिप्पाड, शांत स्वभावाचा एक कृष्णवर्णीय माणूस तिथून रेडर्स संघाची सूत्रं हलवत होता.

त्याचं नाव आर्ट शेल. सहाच दिवसांपूर्वी तो रेडर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला होता. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, त्याच्याआधीचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होता फ्रिट्झ पोलार्ड, आणि तोही १९२५ साली! मध्ये तब्बल ६४ वर्षं गेली. पोलार्ड १९८६ मध्ये वारला. आपला वारसदार पाहण्याचं भाग्य काही त्याला लाभलं नाही.

रेडर्सनी तो सामना १४-७ असा जिंकला.

नजरेआडचं काम

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. हा रग्बीचा चुलतभाऊ. चेंडू लांबट, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा तो पुढे फेकायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत न्यायचा, असा हा खेळ. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. संघाचा नायक तोच, जाहिरातींत झळकतो तोही तोच. त्याच्यापुढे पाच दांडगे गडी भिंतीसारखे उभे असतात. ते लाइनमन. समोरून धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं, क्वार्टरबॅकला वाचवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्या साथीदाराला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. ते चोख झालं तर त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. चुकलं, तर मात्र साऱ्या स्टेडियमला कळतं!

आर्ट शेल हा डावीकडचा लाइनमन. वजन सुमारे १२० किलो. जन्म २६ नोव्हेंबर १९४६ चा, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनचा. पाच भावंडांत तो थोरला. पंधरा वर्षांचा असतानाच आई गेली आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा-कॉलेजं वेगवेगळी. शेल मेरिलँड स्टेट या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजात शिकला. तिथूनच १९६८ मध्ये रेडर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत निवडलं. रेडर्सचा मुक्काम तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला होता.

पहिली दोन वर्षं किरकोळ कामात गेली. १९७० पासून मात्र त्याची जागा पक्की झाली. त्याच्या शेजारी उभा राहायचा जीन अपशॉ, जो पुढे खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. ही जोडी फोडणं भल्याभल्यांना जमलं नाही. शेल १५ मोसम खेळला, २०७ सामने खेळला. पहिल्या १५६ सामन्यांत तर तो एकदाही बाहेर बसला नाही. निवडक खेळाडूंच्या 'प्रो बोल' सामन्यासाठी त्याची आठ वेळा निवड झाली.

त्याच्या खेळाचा कळस दिसला तो ९ जानेवारी १९७७ च्या सुपर बोलमध्ये. लीगचा विजेता ठरवणारा हा अंतिम सामना पाहायला पासाडीनाच्या रोझ बोल मैदानावर लाखावर प्रेक्षक जमले होते. शेलच्या समोर होता मिनेसोटा व्हायकिंग्जचा कसलेला जिम मार्शल. सामना संपला तेव्हा मार्शलच्या नावापुढे एकाही खेळाडूला पाडल्याची नोंद नव्हती! रेडर्सच्या गड्यांनी चेंडू घेऊन २६६ यार्ड धाव घेतली, त्यातली बरीचशी डावीकडून. रेडर्स ३२-१४ ने जिंकले. शेलने स्वतः एकही गुण मिळवला नव्हता.

'डोक्याच्या' जागा

१९८९ मध्ये एनएफएलचे निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय होते. मग प्रशिक्षक एकही का नव्हता? ताकद आणि वेग काळ्यांचा, पण डोकं चालवायचं काम गोऱ्यांचं, हा समज अमेरिकन फुटबॉलमध्ये खोलवर मुरलेला होता. १९३४ ते १९४५ या काळात तर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ही अलिखित बंदी मोडली १९४६ मध्ये, नेमक्या शेलच्या जन्मवर्षी.

मैदानावर आल्यानंतरही भेद संपला नाही. शेलच्याच वेळची गोष्ट पाहा. १९६८ मध्ये रेडर्सनी पहिल्या फेरीत एल्ड्रिज डिकी या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला निवडलं, तर दुसऱ्या फेरीत केन स्टेबलर या गोऱ्या क्वार्टरबॅकला. पुढे स्टेबलर संघाचा नायक झाला. डिकीला मात्र चेंडू झेलण्याच्या कामाला लावण्यात आलं.

शेल १९८२ च्या मोसमानंतर निवृत्त झाला आणि लगेच रेडर्सचाच सहायक प्रशिक्षक झाला. लाइनमन घडवणं हे त्याचं काम. १९८९ च्या मोसमात पहिल्या चारपैकी तीन सामने हरल्यावर संघमालक अल डेव्हिसने माइक शॅनहनला काढलं आणि सूत्रं शेलच्या हाती दिली. दोनच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला होता. नेमणुकीनंतर शेलने फार बडेजाव केला नाही. या घटनेचं ऐतिहासिक मोल आपण जाणतो, तिचा अभिमानही वाटतो, पण आपली निवड रंगामुळे झालेली नाही, आपण रेडर्सचे आहोत, अशा अर्थाचं तो बोलला.

दुसऱ्या संधीचा प्रश्न

त्या मोसमातल्या उरलेल्या १२ पैकी ७ सामने त्याने जिंकून दिले. १९९० मध्ये तर १६ पैकी १२! रेडर्स सुपर बोलच्या उंबरठ्यावर पोचले, पण बफेलोने त्यांचा ५१-३ असा धुव्वा उडवला. १९९४ च्या अखेरीस शेलच्या खात्यावर साखळीतले ५४ विजय आणि ३८ पराभव होते. शेवटच्या मोसमातही विजय पराभवांपेक्षा जास्तच होते. तरीही डेव्हिसने त्याला काढलं. आपली ती चूक होती, हे त्याने नंतर कबूल केलं.

खरी कसोटी इथून पुढे होती. इतकी कामगिरी गाठीशी असूनही शेलला मुख्य प्रशिक्षकपद मिळायला आणखी ११ वर्षं लागली. कॅन्सस सिटी आणि अटलांटा इथे तो पुन्हा सहायक झाला, नंतर लीगच्या कार्यालयात अधिकारी. दरम्यान १९९२ मध्ये मिनेसोटाने डेनिस ग्रीनला नेमलं, मग आणखी काही जण आले. पण २००२ च्या मोसमात ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते अवघे दोन. एक-दोन नेमणुकांनी दार कायमचं उघडत नाही, हे स्पष्ट झालं. कोर्टात खेचण्याचा इशारा मिळाल्यावर लीगने २००३ पासून 'रूनी नियम' लागू केला. मुख्य प्रशिक्षक नेमताना किमान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेणं संघांना बंधनकारक झालं. पिट्सबर्गचे मालक डॅन रूनी यांचं नाव त्याला मिळालं.

२००६ मध्ये डेव्हिसने शेलला परत बोलावलं. वय ५९. हा मोसम मात्र विसरण्याजोगाच ठरला: १६ सामन्यांत २ विजय. त्याच्या क्वार्टरबॅकना प्रतिस्पर्ध्यांनी ७२ वेळा जमिनीवर लोळवलं. ज्याने उभं आयुष्य क्वार्टरबॅकची राखण केली, त्याच्याच संघाची भिंत अशी ढासळावी, यापरता दैवदुर्विलास कोणता? जानेवारी २००७ मध्ये त्याला पुन्हा निरोप मिळाला.

पुढच्याच महिन्यात, ४ फेब्रुवारी २००७ ला, मायामीत सुपर बोल झाला. एका बाजूला टोनी डंजीचा इंडियानापोलिस कोल्ट्स, दुसऱ्या बाजूला लव्ही स्मिथचा शिकागो बेअर्स. दोघेही प्रशिक्षक कृष्णवर्णीय! सुपर बोलच्या इतिहासात कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पोचले ते पहिल्यांदाच, आणि तेही दोघे एकदम. डंजीचा संघ २९-१७ ने जिंकला.

प्रश्न तिथे मिटला असं नाही. २०२२ मध्ये ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाने लीगवर वर्णभेदाचा दावा ठोकलाच. मुलाखती होतात, पण नावाला, ही त्याची तक्रार.

तरीही मायामीच्या त्या संध्याकाळी कोण हरतं, कोण जिंकतं यापेक्षा मोठी गोष्ट घडली होती. शेलचं नाव त्या दिवशी धावफलकावर नव्हतं. लाइनमनचं ते असतं तरी कधी? वाट करून द्यायची आणि बाजूला व्हायचं, हेच तर त्याचं काम.