दंड भरू, पण अटक कशासाठी?

मैत्रिणींनो, सकाळच्या घाईत साताऱ्याचा पोवई नाका किंवा सांगलीचा विश्रामबाग चौक आठवा. स्कूटीवर पुढे डब्याची पिशवी, मागे शाळेला उशीर झालेली लेक, आणि नेमकी तेव्हाच पोलिसांची शिट्टी! हेल्मेट नसतं, नाहीतर लायसन घरी राहिलेलं असतं. अशा वेळी दंडापेक्षा धसका बसतो तो "चला ठाण्यात" या दोन शब्दांचा. महिला मंडळात कायद्याचा विषय निघाला, की कुणी ना कुणी हळूच विचारतंच, "अहो ताई, एवढ्याशा कारणावरून खरंच आत टाकतात का?"

कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम २०२ सांगतं, की गणवेशातल्या पोलिसाला समोर घडलेल्या तीनच गुन्ह्यांसाठी वॉरंटशिवाय अटक करता येते. धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं, दारू पिऊन चालवणं आणि दुसऱ्याची गाडी परवानगीशिवाय नेणं. हेल्मेट, सिग्नल, चुकीचं पार्किंग यांत बसत नाही. त्यासाठी चलान आहे. लायसनच काढलेलं नसेल, तर गाडी अडकवून ठेवता येते. पण गाडी अडकवणं वेगळं आणि बाईमाणसाला कोठडीत बसवणं वेगळं.

याच कलमात आणखी एक ओळ आहे, ती मात्र पाठ करून ठेवा. नियम मोडल्यावर नाव आणि पत्ता सांगायला नकार दिला, तर साध्या गुन्ह्यातही अटक करता येते. म्हणून कितीही राग आला तरी नाव-पत्ता खरा सांगायचा.

अमेरिकेत एका आईच्या वाट्याला काय आलं, ते वाचून अंगावर काटा येतो. १९९७ मध्ये टेक्सास राज्यात गेल अ‍ॅटवॉटर आपल्या दोन लहान मुलांना घेऊन गाडीतून चालल्या होत्या. तिघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता. गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त पन्नास डॉलर, पण पोलिसाने हातात बेड्या घातल्या आणि कोठडीत नेलं. मुलांना एका मैत्रिणीने सांभाळलं. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की अशी अटक घटनेविरुद्ध नाही. विरोधी मत लिहिलं ते त्या कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच जोगिंदर कुमार खटल्यात बजावलं होतं, की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि ती अटक गरजेची असणं वेगळं. त्याआधी १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांची कैफियत कोर्टापुढे मांडली. त्यातून आदेश निघाले, की बायकांची कोठडी वेगळी हवी, पहारा महिला पोलिसांचा हवा आणि चौकशी महिला पोलिसांसमोरच व्हावी. एका बाईच्या लेखणीने केवढं काम केलं बघा!

आता कुणी म्हणेल, तासभर ठाण्यात बसलं तर काय बिघडलं? बिघडतं हो. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सांगलीत पोलीस कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला. तो संशय लुटमारीचा होता, वाहतुकीचा नव्हे. पण ठाण्याचं दार बंद झालं, की आत काय चाललंय ते घरच्यांना दिसत नाही. म्हणून दाराबाहेरच थांबवणारे नियम जपायचे असतात.

समजा अटक झालीच, तर कारण विचारा. ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. घरच्यांना कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं हेही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायला हवी. जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हा नियम कायम आहे. गुन्हा जामीनपात्र असेल, तर जामीन हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. उन्हातान्हात उभ्या असलेल्या पोलिसावर धावून जाणं, त्याचा हात झटकणं यातून साध्या चलानाचा मोठा गुन्हा होतो, आणि तो अजामीनपात्र असतो. शिवाय अठरा पूर्ण नसलेल्या लेकाच्या हाती अ‍ॅक्टिव्हा देणं ही साधी चूक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. लाडापायी कोर्टाची पायरी कशाला चढायची?

तेव्हा हेल्मेट घाला, लायसन मोबाईलमध्ये डिजिलॉकरला ठेवा, ते चालतं. चूक झाली तर दंड भरा आणि पावती मागून घ्या. पण कुणी "चला ठाण्यात" म्हणालं, तर घाबरून मागोमाग जाऊ नका. शांतपणे विचारा, "साहेब, कोणत्या कलमाखाली?" हे विचारणं म्हणजे उर्मटपणा नाही. तो आपला हक्क आहे, आणि तो आपल्या लेकीबाळींनाही शिकवायला हवा.